तराजूशिवाय वजन

मागे गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आभाळातल्या वस्तूंचं वजन सांगतात, पण तिथं काटा कोण नेतो?" मी बी.ए. झालेली, विज्ञानाची नाही. पण प्रश्न मनात राहिला, म्हणून वाचून काढलं. तेच आज सांगते.

अंधाऱ्या रात्री आभाळात पांढुरका पट्टा दिसतो, ती आपली आकाशगंगा. तिच्यात अब्जावधी तारे आहेत. अशा शेकडो आकाशगंगा एकमेकींच्या ओढीनं एकत्र राहतात, त्यांचा समूह होतो. असाच एक भला मोठा समूह म्हणजे 'एल गोर्दो'. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ 'जाड्या'. तिथला उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे ७०० कोटी वर्षं लागली.

आता कुकर आठवा. शिटी जड असेल तर वाफ जास्त तापल्याशिवाय ती उचलली जात नाही. म्हणजे वाफ किती तापली हे कळलं, तर शिटीच्या वजनाचा अंदाज येतो.

समूहातही तसंच. आकाशगंगांच्या मधल्या जागेत विरळ वायू असतो. एल गोर्दोमध्ये तो दहा कोटी अंशांहून जास्त तापलेला आहे. तापलेला वायू पसरून निघून जायला बघतो. तिथं झाकण नाही. त्याला धरून ठेवते ती समूहाची गुरुत्वाकर्षणाची ओढ. वायू जितका जास्त तापलेला, तितकी ओढ जास्त हवी. आणि ओढ जास्त म्हणजे वजन जास्त.

या वायूतून एक्स-रे निघतात. हाड मोडल्यावर दवाखान्यात वापरतात, तेच. पण आपली हवा ते अडवते, म्हणून दुर्बीण अवकाशात ठेवावी लागते. १९९९ मध्ये नासानं अशी दुर्बीण सोडली. नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून तिचं नाव 'चंद्रा'. तिला घेऊन गेलेल्या यानाच्या प्रमुख होत्या आयलीन कॉलिन्स, स्पेस शटलच्या पहिल्या महिला कमांडर! एक्स-रे किती येतात आणि किती जोराचे आहेत, यावरून वायू किती आणि किती तापलेला ते कळतं.

एल गोर्दो मात्र दोन समूहांची टक्कर आहे. तिथला वायू हिंदकळलेला, म्हणून नुसत्या एक्स-रेवर विसंबता येत नाही. मागून येणारा उजेड त्याच्या वजनानं किती वाकतो, तेही मोजतात आणि ताळा करतात. २ लिहून पुढे १५ शून्यं द्या, साधारण तेवढ्या सूर्यांचं वजन भरतं.

पण अशा समूहांतले सगळे तारे आणि वायू मिळून शंभरात पंधराच्या आसपासच भरतात. बाकीचं दिसतच नाही. त्याला 'कृष्णपदार्थ' म्हणतात. तो कशाचा बनलाय, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. हिशोबातला हा फरक १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी दुसऱ्या एका समूहात दाखवला होता.

आपल्या गटातही पेटीतली रक्कम आणि वहीतली बेरीज जुळली नाही, तर आकडा खोडून जुळवायचा नसतो. फरक तसाच लिहायचा आणि शोधत राहायचं. तायांनो, मोठे शास्त्रज्ञही तेच करतात.