हिवाळ्यात पळणारं ग्राफिक्स कार्ड मे महिन्यात का अडखळतं? ओव्हरक्लॉकिंग करण्याआधी रावेरच्या उन्हाचं गणित समजून घ्या

रावेर : डिसेंबरात झकास चाललेला कॉम्प्युटर एप्रिल उजाडला की हँग व्हायला लागतो. गेम मध्येच बंद पडतो, लग्नाच्या व्हिडिओचं एक्स्पोर्ट ८० टक्क्यांवर अडकतं, स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते. मालकाला वाटतं, कार्ड गेलं. पण बऱ्याच वेळा कार्ड ठणठणीत असतं. यूट्यूबवरचा व्हिडिओ बघून हिवाळ्यात कार्डाचा वेग वाढवलेला असतो आणि ती सेटिंग उन्हाळ्यात तशीच राहिलेली असते. व्हिडिओवाल्याची खोली एसीची असते. रावेर, सावदा, फैजपूर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि वरून पत्र्याचं छत. तीच सेटिंग इथे कशी टिकणार?

वेग वाढवण्याच्या या प्रकाराला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ग्राफिक्स कार्डाची चिप एका ठरावीक ठेक्यावर काम करते. तो ठेका मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. कंपनी कार्ड विकताना थोडी जागा राखून वेग ठरवते, कारण तेच कार्ड थंड देशातही चाललं पाहिजे आणि खान्देशातही. ही राखून ठेवलेली जागा वापरून घेणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ट्रॅक्टरच्या डिझेल पंपाची सेटिंग वाढवून जादा ओढ काढतात, तसंच. ओढ मिळते, पण इंजिन तापतं आणि रेडिएटर चांगला नसेल तर पुढचं सांगायला नको.

मिळतं किती, हेही आधी पाहावं. साधारण कार्डात गेमचा वेग पाच ते दहा टक्क्यांनी वाढतो, तोही जमून आलं तर. ६० फ्रेमच्या जागी ६४-६५ दिसतात. लग्नाचं मिक्सिंग करणाऱ्यांना तर याहून कमी, कारण एक्स्पोर्टच्या वेळी व्हिडिओ एन्कोड करणारा भाग कार्डात वेगळाच असतो आणि चिपचा वेग थोडा वाढवून त्याला फारसा फरक पडत नाही. डाविंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रंग सुधारताना कार्डाला खरं काम लागतं, तिथे थोडा फायदा दिसतो. पण फुटेज जुन्या हार्ड डिस्कवर असेल आणि रॅम ८ जीबी असेल, तर पैसे आणि मेहनत आधी तिकडे लावावी.

आता गरम होण्याचं गणित. चिप खाते ती जवळपास सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. आरटीएक्स ३०६० हे कार्ड घेतलं तर ते पूर्ण कामावर सुमारे १७० वॅट ओढतं. म्हणजे १०० वॅटचे जवळपास दोन जुने पिवळे बल्ब बंद डब्यात लावून ठेवल्यासारखं. वेग वाढवला तर वीज त्याच प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज वाढवलं तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १० टक्के जास्त म्हणजे वीज सुमारे २१ टक्के जास्त. सोबत वेगही १० टक्के वाढवला की एकूण ३३ टक्के. पदरात दहाही पडत नाहीत आणि उष्णता मात्र एक तृतीयांशाने वाढते. म्हणून नवख्या माणसाने व्होल्टेजला हात न लावलेला बरा.

पंखा कितीही जोरात फिरला तरी तो कार्ड खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, ही गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. तो फक्त खोलीची हवा कार्डाच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवरून फिरवतो. म्हणून कार्डाचं तापमान एकटं बघू नये, खोली आणि कार्ड यांच्यातला फरक बघावा. समजा डिसेंबरात खोली २२ अंश आहे आणि काम करताना कार्ड ६८ अंश दाखवतं. फरक ४६. पंखा आणि काम तेच ठेवलं तर मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेल्यावर कार्ड ८६ अंशांच्या आसपास जाणार. एनव्हिडियाच्या अनेक कार्डांत ८३ अंशांच्या आसपासची मर्यादा आधीपासून ठरवलेली असते. ती आली की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. खरं तर ते त्याच्या बरंच आधीपासून, तापत जाईल तसं, साधारण १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली उतरत असतं. केळीच्या बागेत भर दुपारी फोटो काढताना मोबाइलचा ब्राइटनेस आपोआप कमी होतो, फोन संथ होतो, तोच हा प्रकार. म्हणजे हिवाळ्यात मिळवलेला जादा वेग मे महिन्यात कार्ड स्वतःच परत घेऊन टाकतं. मालकाकडे उरते ती गरमी आणि पंख्याची घरघर.

तरीही करून बघायचंच असेल तर रीत अशी. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. एएमडीच्या कार्डांना त्यांच्या ड्रायव्हरमध्येच ही सोय असते. चिपचा वेग एकदम १५० ने वाढवू नये. २५ मेगाहर्ट्झने वाढवा, दहा-पंधरा मिनिटं युनिजिन हेवनसारखी चाचणी फिरवा, मग पुढचे २५. जिथे गडबड दिसेल तिथून दोन पायऱ्या मागे या. मेमरीचा वेग वेगळा, नंतर. दोन्ही एकदम वाढवले तर बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही. काही नव्या कार्डांत मेमरीचा वेग फार वाढवला तर स्क्रीनवर काहीच बिघडलेलं दिसत नाही, उलट कामच मंदावतं, कारण चुकलेली माहिती पुन्हा पुन्हा पाठवावी लागते. आकडा वाढला म्हणून खूश होऊ नये, फ्रेम मोजाव्यात.

गडबड ओळखायची कशी? स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चौकोन उमटतात. गेम आपोआप बंद होतो. कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर बंद करून पुन्हा चालू करतं, तेव्हा स्क्रीन काळी होऊन परत येते. गेममध्ये हे चालून जातं, पुन्हा सुरू करायचा. मिक्सिंगवाल्यासाठी धोका वेगळा आहे. एक्स्पोर्ट पूर्ण होतं, फाइल उघडते, सगळं ठीक वाटतं आणि मंगलाष्टकांच्या मध्येच एखादी फ्रेम हिरवी किंवा फाटलेली निघते. ती दिसते तेव्हा पेनड्राइव्ह नवरीच्या घरी पोहोचलेला असतो आणि टीव्हीसमोर सगळं नातगोतं बसलेलं असतं. एप्रिल-मे हाच लग्नाचा मोसम आणि हाच उन्हाचा. त्यामुळे कमाईच्या मशीनवर ओव्हरक्लॉकिंग नकोच, हे सरळ सांगितलेलं बरं.

चाचणीची वेळही महत्त्वाची. रात्री अकराला, पंख्याखाली घेतलेली चाचणी रावेरमध्ये काही कामाची नाही. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, शटर जसं रोज असतं तसंच ठेवून, तासभर खरं काम चालवून बघावं. फरमार्कसारखी फार जड चाचणी लावून चहाला जाऊ नये, ती कार्डाला रोजच्या कामापेक्षा कितीतरी जास्त तापवते.

उलटा प्रयोग मात्र इथल्या हवेला मानवतो आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. आफ्टरबर्नरमध्येच पॉवर लिमिट नावाची पट्टी असते. ती १०० वरून ८० टक्क्यांवर आणली तर १७० वॅटचं कार्ड १३६ वॅटवर येतं. वेग बहुतेक वेळा थोडाच कमी होतो, कारण वरचा शेवटचा वेग काढायलाच सगळ्यात जास्त वीज लागत असते. ३४ वॅट कमी उष्णता म्हणजे कार्ड काही अंशांनी थंड आणि पंखाही शांत. ज्यांना जमतं ते व्होल्टेज थोडं कमी करून तोच वेग टिकवतात, त्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. त्यालाही तीच दुपारची चाचणी लागते.

कूलरचं काय? खान्देशच्या कोरड्या उन्हात कूलर खोली चांगली गार करतो. पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं. दीपनगरच्या वीज केंद्राचे ते उंच कूलिंग टॉवर याच तत्त्वावर चालतात. खोलीत कूलर लावायला हरकत नाही, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. तुषार आत जातात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार पट्ट्यांवर नि पंख्यावर पांढरे बसतात. खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर ओलावा खोलीतच साचतो. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. टेबलाच्या कप्प्यात कोंबलेलं कॅबिनेट स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढत राहतं.

धुळीचं सांगायलाच नको. कापसाचे तंतू आणि रस्त्याची माती मिळून पट्ट्यांमध्ये नमदा तयार होतो. महिन्या-दोन महिन्यांनी वीज बंद करून, वायर काढून ब्लोअर मारावा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, मोकळं सोडलं तर ते हवेने बेफाम फिरतं आणि बिघडू शकतं.

व्होल्टेज पडत असेल तर आधी चांगला पॉवर सप्लाय आणि नीट अर्थिंग बघा. डब्यावर ४५० वॅट लिहिलेला स्वस्त सप्लाय तेवढी वीज देतोच असं नाही, आणि अशा सप्लायवर ओव्हरक्लॉक केलेलं कार्ड बंद पडलं की दोष उगाच कार्डाला लागतो. जळगावहून सेकंडहँड कार्ड आणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस तापलेली हजारो कार्डं जुन्या बाजारात आली. अशा कार्डावर पुन्हा वेग वाढवायला जाऊ नये. नवं कार्ड असेल तर वॉरंटीचा कागद आधी वाचा, ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान बऱ्याच कंपन्या धरत नाहीत.

आफ्टरबर्नरमध्ये सेटिंग साठवायला पाच जागा असतात. एकीत हिवाळ्याची सेटिंग ठेवा, दुसरीत ८० टक्क्यांची उन्हाळ्याची. होळी झाली की दुसरीवर या. आणि पाऊस लागला म्हणून लगेच पहिलीवर जाऊ नका. जूनमध्ये हवा दमट होते, कूलर खोली गार करत नाही आणि पत्र्याखालची खोली अजून तापलेलीच असते.