आवाज बसतो तेव्हा

घसा बसला की आपल्याकडे ज्येष्ठमध तोंडात येतो आणि हळद घातलेले दूध पोटात जाते. निपाणीच्या वखारीत तंबाखू झाडणाऱ्या बाईचा आवाज बसला, तर सारा दोष खकाण्यावर जातो. पुष्कळदा तो अंदाज खराही असतो. परंतु तीन-चार आठवडे लोटूनही आवाज सुटला नाही, तर दुखणे घशाचेच आहे असे धरून चालू नये, हे वाचकांस सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

स्वरतंतू हालविणाऱ्या नसांपैकी डावी नस घशापाशी न थांबता छातीत उतरते, महारोहिणीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि पुन्हा वर येते. उजवीची वाट आखूड. म्हणून छातीतला बिघाड बहुधा डाव्या स्वरतंतूवर उमटतो. आवाज पोकळ, वाऱ्यासारखा होतो. पाणी पिताना ठसका लागतो.

थायरॉईडची शस्त्रक्रिया किंवा फुप्फुसाचा कर्करोग ही कारणे डॉक्टरांच्या नेहमीच्या ओळखीची. (विडी ओढणाऱ्यांनी दुसरे कारण विशेष ध्यानात ठेवावे.) १८९७ साली व्हिएन्नाचे डॉ. ऑर्टनर यांनी निराळेच कारण दाखविले. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसते, डावा कप्पा फुगतो, आणि पुढे फुगलेली फुप्फुसरोहिणी व महारोहिणी यांच्या कात्रीत ही नस सापडते. म्हणजे तक्रार आवाजाची, रोग हृदयाचा! महारोहिणीला आलेला फुगा किंवा छातीतल्या क्षयाच्या गाठी हेही क्वचित असेच करतात. फवारणीची काही विषारी औषधे पोटात गेल्यावर दोन्ही स्वरतंतू निश्चल झाल्याच्याही नोंदी आहेत. अशा वेळी आवाजापेक्षा श्वासच अडतो. श्वास घेताना घशातून शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला, तर रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

निदानाचा पाया एका गायनशिक्षकाने घातला, ही मौजच म्हणावयाची. मान्वेल गार्सिया यांनी १८५४ मध्ये दंतवैद्याचा आरसा व सूर्यप्रकाश यांच्या साह्याने स्वतःचे स्वरतंतू पाहिले. आता बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालून, कोणता तंतू हालत नाही हे काही मिनिटांत कळते. तो का हालत नाही, हे शोधण्यास अधिक वेळ लागतो. कवटीच्या तळापासून छातीपर्यंत सीटी स्कॅन काढतात. हृदयाचा संशय असल्यास इकोकार्डिओग्राम. शस्त्रक्रियेच्या वेळी श्वासनलिकेत नळी घातली होती काय, हेही विचारतात. कारण नळीने स्वरयंत्राचा सांधा निखळला, तरी तंतू लुळा पडल्यासारखाच दिसतो.

काही रोग्यांत एवढे करूनही कारण सापडत नाही. त्यांतील काहींचा आवाज पुढील काही महिन्यांत आपोआप परततो. तोवर आवाजाचे व्यायाम करावयाचे, आणि ठसका फार लागत असेल तर लुळ्या तंतूत इंजेक्शन देऊन तो मध्याकडे सरकविता येतो.