खाडीपलीकडचा बहादूर

विरार लोकल नायगाव सोडून वसईच्या खाडीवरच्या पुलावर चढली की पलीकडे भाईंदर, मग मीरा रोड. 'बहादूर' या कॉमिक्सनायकाचे जनक आबिद सुरती याच मीरा रोडचे!

'इंद्रजाल कॉमिक्स' मुंबईतून १९६४ साली सुरू झालं. मराठी वाचकांना त्यातला वेताळ तोंडपाठ. ली फॉकच्या या नायकाकडे एकही अद्भुत शक्ती नाही. जंगल त्याला अमर मानतं. खरं तर बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो. हे गुपित वाचकाला ठाऊक असतं, म्हणूनच त्याला गोळी लागली की आपला श्वास अडकतो. गुंडाच्या जबड्यावर उमटलेला तो कवटीच्या अंगठीचा ठसा कोण विसरेल?

१९७६ साली याच 'इंद्रजाल'मध्ये बहादूर आला. केशरी कुर्ता, जीन्स, आणि पोटात जुनी आग. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. पोरगा सूड घ्यायला निघतो, पण बापाचे गुन्हे कळल्यावर तोच डाकूंविरुद्ध उभा राहतो. चित्रकार गोविंद ब्राह्मणियांनी त्याला चेहरा दिला. त्याची खरी लढाई घरातल्याच रक्ताशी आहे, आणि तीच वाचकाला धरून ठेवते.

पुढे २००७मध्ये सुरतींनी 'ड्रॉप डेड' ही संस्था काढली. रविवारी प्लंबर आणि एक स्वयंसेविका सोबत घेऊन ते मीरा रोडच्या इमारतींत दारोदार जायचे आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. बहुतेकदा नळातला झिजलेला वायसर बदलला की काम व्हायचं.