पडद्यावरचा चेंडू

खेळ खेळणें निराळें आणि खेळ घडविणें निराळें. कॅरम खेळणारा मुलगा स्ट्रायकर काठावर आपटून कोठें परतेल याचा अंदाज बांधतो. परंतु तो परत कसा यावा, हें त्याला बोर्डाला शिकवावें लागत नाहीं. संगणकावर खेळ रचणाऱ्या नवशिक्यावर मात्र हीच पाळी येते. तेथें चेंडूला वजन नसतें, भिंतीला कठीणपणा नसतो. जें सांगावें तेवढेंच घडतें.

या विद्येचा पहिला धडा म्हणून आजहि पुष्कळदां ‘पाँग’ हाच खेळ दिला जातो, आणि तें योग्यच आहे. कारण मुळांत तो उमेदवारीचाच धडा होता. १९७२ सालीं कॅलिफोर्नियांतील अटारी या नव्या कंपनींत ॲलन अल्कॉर्न हे तरुण अभियंते रुजू झाले. हात बसावा म्हणून नोलन बुशनेल यांनीं त्यांना टेबल टेनिससारखा साधा खेळ पडद्यावर उतरविण्यास सांगितलें. सनीव्हेल येथील एका मद्यगृहांत ठेवलेलें पहिलें यंत्र लवकरच अडलें. उघडून पाहतां नाण्यांची पेटीच तुडुंब भरली होती! त्या यंत्रांत आज्ञावली अशी नव्हतीच. सारें काम विद्युन्मंडलें करीत. आज तेंच काम शंभर-दीडशें ओळींच्या आज्ञावलीनें होतें.

पडद्यावर वस्तुतः कांहींच हालत नाहीं. चलच्चित्राप्रमाणें तेथें सेकंदाला ६० स्थिर चित्रें काढलीं व पुसलीं जातात. चेंडू म्हणजे केवळ दोन आंकडे: डाव्या काठापासूनचें अंतर आणि वरच्या काठापासूनचें अंतर. समजा, पडदा ६४० ठिपके रुंद व ४८० ठिपके उंच आहे. प्रत्येक चित्राच्या वेळीं पहिल्या आंकड्यांत ४ व दुसऱ्यांत ३ मिळवावे. चेंडू तिरपा धांवूं लागतो व सेकंदांत २४० ठिपके आडवा जातो. तो खालच्या काठाला पोंचला कीं ३ चे उणे ३ करावे, वरच्या काठाला पोंचला कीं पुन्हां अधिक ३. आडवी चाल तशीच ठेवावी. एवढ्या एका चिन्हाच्या बदलानें, आरशावरून किरण परतावा तसा चेंडू परततो.

फळीची गोष्ट थोडी अवघड आहे. चेंडू फळीच्या रेषेंत आला आहे काय, आणि त्याची उंची फळीच्या दोन टोंकांच्या मध्यें आहे काय, या दोन्ही प्रश्नांचें उत्तर ‘होय’ आल्यास आडव्या चालीचें चिन्ह फिरवावें. इतकें लिहून नवशिक्या खूष होतो, आणि रंगत यावी म्हणून प्रत्येक टोल्यागणिक वेग वाढवितो. मग एकाएकीं चेंडू फळीच्या आरपार निघून जातो! यंत्र बिघडलें असें त्याला वाटतें. खरें कारण साध्या बेरजेंत आहे. फळी १० ठिपके जाड, चेंडू ८ ठिपक्यांचा, मिळून १८. चेंडूचें पाऊल २४ ठिपक्यांचें झालें, कीं एका चित्रांत तो फळीच्या अलीकडे तर पुढच्यांत पलीकडे असूं शकतो. मधल्या क्षणाचें चित्रच नसल्यामुळें यंत्राच्या लेखीं टक्कर झालीच नाहीं. म्हणून ‘चेंडू कोठें आहे?’ एवढेंच न विचारतां, ‘मागील जागेपासून येथवर येतांना त्यानें फळीची रेषा ओलांडली काय?’ असें विचारावें लागतें.

तथापि सर्वच दोष काढून टाकावयाचे नसतात. अल्कॉर्न यांनीं फळीचे ८ भाग कल्पून, मध्यभागीं लागलेला चेंडू सरळ व टोंकाशीं लागलेला तिरपा जाईल अशी योजना केली; त्यामुळें खेळाडूच्या कौशल्याला वाव मिळाला. विद्युन्मंडलांतील एका उणिवेमुळें मात्र फळ्या पडद्याच्या अगदीं वरच्या काठापर्यंत पोंचत नसत. ती उणीव त्यांनीं तशीच राहूं दिली. नाहीं तर दोन निष्णात खेळाडूंचा डाव संपणें कठीण झालें असतें. यंत्र चुकलें असें म्हणण्यापूर्वीं त्याला नेमकें काय सांगितलें गेलें हें तपासणें, आणि कोणती चूक दुरुस्त करावी व कोणती ठेवावी हें ओळखणें, एवढें ज्या नवशिक्याला साधलें त्याचा पहिला धडा पुरा झाला.