पाटी खरेच कोरी झाली का?

जुना लॅपटॉप घेऊन त्यात कार्यप्रणाली नव्याने बसवली, की तो कसा नवाकोरा वाटतो! पण आतली हार्ड डिस्क कोरी झाली का? नाही. झटपट फॉरमॅट करताना संगणक पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडतो. पाने तशीच राहतात. अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या सिमसन गारफिंकेल व अभी शेलत यांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू असलेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या होत्या अवघ्या १२! तेव्हा आपला लॅपटॉप विकण्यापूर्वी संपूर्ण फॉरमॅट करा. त्यात डिस्कच्या कप्प्याकप्प्यात शून्ये लिहिली जातात. वेळ लागेल, पण पाटी खरोखर पुसली जाईल.