‘मला सहा पडतच नाही!’

मुलांनो, आमच्या प्रकाशात सुट्टीच्या दिवशी दुपारी कुठल्याही ओट्यावर बघा. एका मोबाइलभोवती चार डोकी गोळा झालेली दिसतील. मोबाइल आईचा नाहीतर काकाचा, आणि खेळ बहुधा लुडो. त्या चौघांतलं एक तरी हमखास ओरडतं, "गेमवाले चीटिंग करतात! मला सहा पडतच नाही!"

आमच्या चौथीच्या वर्गातही हा वाद पेटला होता. मग मी खरे फासे आणले आणि जोड्या पाडून प्रत्येक जोडीला ६० वेळा फासा टाकायला लावला. सरासरीने १० वेळा सहा यायला हवेत ना? पण कुणाला ६ वेळा आले, कुणाला १४ वेळा. लागोपाठ दहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न येणं आपल्याला अशक्य वाटतं. गणित सांगतं, असे शंभर प्रयत्न केले तर साधारण १६ वेळा हेच घडेल! म्हणून खेळ बनवणाऱ्याला नुसतं ‘चीटिंग’ असं लिहिलं, तर तो काय करणार बिचारा? ‘अमुक इतक्या वेळा टाकला, इतके सहा आले’ असं मोजून लिहिलं, तर त्याला निदान तपासता तरी येईल.

आता तुम्ही म्हणाल, खेळ बनवणारे आपलं ऐकतात तरी का? ऐकतात, बरं का! पूर्वी मात्र तशी सोयच नव्हती. मी लहान असताना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम असायचा. त्यात पिवळी कॅसेट खुपसायची, चालली नाही की फुंकर मारून पुन्हा खुपसायची. (तुमच्या बाबांना विचारा, ते हसतील.) त्या कॅसेटमध्ये एखादी चूक राहिली, तर ती कायमची राहिली. दुरुस्त करायला कुणी घरोघर थोडंच येणार? आता इंटरनेटमुळे खेळ विकल्यावरही बदलता येतो. त्यालाच ‘अपडेट’ म्हणतात.

तुमच्या ओळखीचंच उदाहरण घ्या. ‘लुडो किंग’ हा खेळ आपल्या नवी मुंबईतल्या गेमेशन या कंपनीने २०१६ साली काढला. २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत तो खेळला जाऊ लागला. आजी एका गावी, मामा दुसऱ्या, आणि पट एकच! मग लोक म्हणू लागले, आम्ही घरची माणसं सहा, चौघांनीच का खेळायचं? आणि खेळताना बोलता का येत नाही? त्यानंतर ऑनलाइन पाच-सहा जणांचा डाव आला आणि बोलण्याची सोयही आली. डाव फार लांबतो म्हणणाऱ्यांसाठी २०२१ साली झटपट डावही निघाला.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची गोष्ट मला याहून आवडते. त्यांच्या ‘राजी’ या खेळात राजी नावाची मुलगी आपल्या भावाला, गोलूला, असुरांच्या तावडीतून सोडवायला निघते. २०२० साली खेळ आला. त्यातले महाल, भिंतींवरची चित्रं बघून लोक खूश झाले. पण लढाईतल्या हालचाली अडखळतात, अशी टीकाही झाली. शिवाय दुर्गा आणि विष्णू बोलायचे इंग्रजीत! २०२२ साली खेळाची सुधारलेली आवृत्ती निघाली. तिच्यात लढाईवर नव्याने काम केलं होतं आणि हिंदी आवाजही होते. खेळ मोठा गाजला होता, नामांकनं मिळाली होती, तरीही त्यांनी तो पुन्हा हातात घेतला.

सगळेच असे गुण्यागोविंदाने ऐकत नाहीत. ‘पोकेमॉन गो’ हा खेळ फिरत फिरत खेळायचा असतो. पूर्वी ठरावीक ठिकाणाच्या ४० मीटर जवळ गेलं की बक्षीस मिळायचं. करोनाच्या काळात, गर्दी नको म्हणून कंपनीने हे अंतर ८० मीटर केलं. ऑगस्ट २०२१मध्ये अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये ते परत ४० केलं, तेव्हा खेळाडू खवळले. रस्ता न ओलांडता खेळता येत होतं, चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही सोपं जात होतं, मग काढून का घेता? त्याच महिन्यात कंपनीला ८० मीटर कायम ठेवावे लागले. आम्ही शाळेच्या मैदानात टेपने ४० मीटर मोजून पाहिले. फरक चांगलाच जाणवतो!

पण मागितलं ते सगळं मिळत नाही, मिळूही नये. निम्मे म्हणतात खेळ अवघड आहे, निम्मे म्हणतात फारच सोपा. जे खुशीत खेळत असतात ते तर काहीच लिहीत नाहीत. म्हणून बनवणारे आकडेही पाहतात: खेळ कुठे बंद पडतो, कुठल्या पायरीवर जास्त लोक सोडून जातात. पालकांनो, ही माहिती खेळ आपोआप पाठवू शकतो, तेव्हा मोबाइलमधल्या परवानग्या एकदा तुम्हीही पाहून घ्या.

आता आमची स्वतःची गंमत सांगतो. शब्द जुळवायच्या एका मराठी खेळात आमच्या मुलांनी ‘दऱ्या’ लिहिलं. खेळाने ‘दर्या’ दाखवलं आणि वर चूक दिली! डोंगरातल्या दऱ्या कुठे आणि दर्या म्हणजे समुद्र कुठे! एका मुलाने रागाने लिहिलं, "गेम फालतू आहे." मी म्हटलं, हे वाचून त्या माणसाला ‘ऱ्या’ कसा कळणार? मग सगळ्यांनी बसून नवं पत्र तयार केलं. मोबाइल कोणता, खेळाची आवृत्ती कितवी, कुठला शब्द लिहिला, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं. एका मुलीने पुढे ‘सुऱ्या, पायऱ्या, तऱ्हा’ अशी यादी जोडली. तिचं म्हणणं, "एकच शब्द सांगितला तर तेवढाच नीट करतील." पत्र माझ्या नावाने पाठवलं. मुलांनी आपलं नाव, फोन, शाळा असं काही लिहायचं नाही, हे आधीच ठरलं होतं.

उत्तर काही आलं नाही. दीड महिन्याने अपडेट आलं. सगळे मोबाइलवर तुटून पडले. दऱ्या बरोबर, सुऱ्या बरोबर, पायऱ्याही बरोबर. ‘तऱ्हा’ मात्र अजून चूक दाखवतो. दुसरं पत्र लिहायचं काम त्याच मुलीकडे दिलं आहे.