शिकवणाराही शिकलेला हवा

नवा गोऱ्हा औताला धरायचा तर आपण त्याला मुरलेल्या बैलाच्या जोडीला लावतो. मग मोटार शिकणाऱ्या मुलामुलींना मात्र कोणाच्याही हाती का सोपवावे? गाडी चालवता येणे निराळे, शिकवता येणे निराळे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलचा शिक्षक निदान दहावी पास हवा. पाच वर्षे गाडी चालवल्याचा अनुभव आणि मोटार मेकॅनिकच्या शिक्षणाचे प्रमाणपत्रही हवे. गाडीचे भाग त्याला आपल्या भाषेत समजावून देता यावेत. शिकवण्याच्या गाडीत त्याच्या पायाशीही ब्रेक असावा. २०२१ च्या नियमांनुसार मान्यता मिळालेल्या केंद्रांत शिक्षक बारावी पास लागतो. तेथे हलक्या वाहनाचे शिक्षण २९ तासांचे. त्यांपैकी २१ तास प्रत्यक्ष गाडीवर.

चांगला शिक्षक नुसता ओरडत नाही. वळण येण्याआधीच तो विचारतो, "पुढे उसाची ट्रॉली बिनदिव्याची उभी असली तर?" अशाने मुलाची नजर तयार होते.

वयाचेही भान ठेवा. सोळाव्या वर्षी फक्त बिनगिअरची, ५० सीसीपर्यंतची गाडी. बाकीच्या खासगी गाड्यांसाठी अठरा पूर्ण हवीत. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

तेव्हा फी भरण्यापूर्वी शिक्षकाचे प्रमाणपत्र पाहा आणि पहिल्या दिवशी स्वतः मागच्या सीटवर बसा.